चौथे रीळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझ्या अंगावर आता गोणपाट टाकलेले असते. भिंगावर धूळ साचली आहे, म्हणून समोरचे फारसे दिसत नाही. पण जे एकदा माझ्या उजेडात पडद्यावर गेले, ते माझ्या आठवणीतून गेलेले नाही. त्यातलीच एक गोष्ट तुम्हाला सांगतो. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा सांगाडा, पितळी चक्रे आणि माझे लाडके भिंग. आम्ही दोघे जुळे भाऊ एकाच खोक्यातून या चित्रपटगृहात आलो. एकाचे रीळ संपले की दुसऱ्याने पुढचे सुरू करायचे, प्रेक्षकाला पत्ताही लागू द्यायचा नाही, अशी आमची जोडी होती. बारा वर्षांनी माझ्या भावाचे एक चक्र तुटले. सुटा भाग मिळाला नाही आणि तो माझ्या शेजारी मुका उभा राहिला. तेव्हापासून सगळी रिळे मीच ओढू लागलो. दोन रिळांच्या मध्ये मिनिटभर अंधार व्हायचा. लोकांना त्याची सवय झाली. कोणी खोकून घ्यायचे, कोणी पाय मोकळे करायचे.

मला सांभाळणारा माणूस म्हणजे आमचे ऑपरेटर. त्यांना सगळे दादा म्हणत. बुटके, कमी बोलणारे, कानात कायम कापसाचा बोळा. माझ्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या, त्यांचा उजेड पडद्यावर जायचा. त्या कांड्या सारख्या पुढे सरकवाव्या लागत, त्यामुळे दादांची बोटे नेहमी भाजलेली असत. चित्र नीट दिसले तर टाळ्या नटाला आणि फीत तुटली तर शिव्या दादांना, हा आमच्या धंद्याचा न्याय. दादांनी तो कधी मनाला लावून घेतला नाही. दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा जेवढा मुखदुर्बळ तेवढीच ती फटकळ.

रविवारी सकाळी इथे एक चित्रपट मंडळ भरायचे. परदेशातले अवघड चित्रपट मागवायचे, पाहायचे आणि नंतर त्यावर बोलायचे. मंडळ दोन मित्रांनी सुरू केले होते. एक कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारे सर आणि दुसरे गावातले डॉक्टर. दोघे शाळेपासूनचे मित्र. कडेच्या दोन खुर्च्या त्यांच्या ठरलेल्या. वाद घालत जिना चढायचे आणि वाद घालतच उतरायचे.

मग डॉक्टरांच्या घरावर आभाळ कोसळले. त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याबरोबर सहलीला गेली असताना तलावात बुडाली. डॉक्टर काठावर होते. त्यांना पोहता येत नव्हते. दोर आणायला ते गाडीकडे पळाले आणि परत आले तेव्हा पाणी शांत झाले होते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यांच्यासमोर कोणी अवाक्षर काढत नव्हते. वर्षभर ते मंडळात आले नाहीत. मग एका रविवारी येऊन आपल्या खुर्चीत बसले. सरांनी फक्त थोडे सरकून हाताची जागा करून दिली.

त्यानंतर तीन वर्षांनी तो चित्रपट आला. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातला, सात रिळांचा. सोबत अर्ध्या पानाचे माहितीपत्रक होते. त्यावरून कोणाला काही कळण्यासारखे नव्हते.

शनिवारी सकाळी दादा प्रत्येक चित्रपट एकदा चालवून पाहायचे, फीत कुठे फाटली आहे का ते बघायला. तसा हाही पाहिला. तीन रिळे झाली. एक म्हातारा रोज पहाटे गोठलेल्या तळ्यावर एक शिडी घेऊन जातो, तिथे ती बर्फात रोवून उभी करतो, चढतो, वर बघतो आणि उतरतो. बोलणे जवळजवळ नाहीच. मग दादांनी चौथे रीळ लावले. ते संपल्यावर दादा स्टुलावर बसून राहिले. डबा घेऊन आलेल्या वहिनींनी विचारले, "काय हो, तोंड का असं उतरलंय?"

"हे डॉक्टरांना दाखवता येणार नाही," दादा म्हणाले.

"मग त्यांना येऊ नका म्हणून सांगा."

"काय सांगू? कशासाठी म्हणून सांगू?"

रविवारी दादांनी तिसऱ्यानंतर नेहमीचा मिनिटभर अंधार केला आणि थेट पाचवे रीळ लावले. चौथ्याचा डबा त्यांनी स्टुलाखाली सरकवला होता. मला ते कळले. मी यंत्र. जे अंगावर चढवतील ते दाखवणे एवढेच माझ्या हातात.

पडद्यावर पुन्हा तोच म्हातारा, तीच शिडी. खाली चुळबूळ सुरू झाली. कोणीतरी ओरडले, "अरे, घसर एकदाचा!" लोक हसले. पाठोपाठ खुर्च्या आपटत पंधरावीस जण बाहेर गेले. पण काही जण जागचे हलले नाहीत, आणि पहिल्या रांगेतली एक परिचारिका तर डोळे पुसत होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आले नसते. चित्रपट संपला तेव्हा सरांनी घड्याळ पाहून कपाळाला आठी घातली. मग ते पडद्यासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. शिडी म्हणजे माणसाची आकांक्षा, वर रिकामे आभाळ, आणि या चित्रपटाच्या मधोमध एक न बोललेली पोकळी आहे, तीच त्याची थोरवी.

"पोकळी आहे एवढं मान्य," डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले. टाळ्या पडल्या. "अरे, दोन तास एक माणूस शिडी चढतोय आणि उतरतोय. का, ते सांगायची याला गरज वाटत नाही. दुःखाचं नुसतं सोंग आहे हे. लोकांनी घाबरून वा वा म्हणावं म्हणून केलेलं."

"तुला औषधाच्या चिठ्ठीसारखं सगळं लिहून हवं असतं."

"आणि तुला न कळलेलं सगळं थोर वाटतं."

सभागृहाचे दोन तट पडले. इकडून एक बोले, तिकडून दुसरा. सरांचा आवाज चढत गेला. लोक हसत होते याचा त्यांना राग आला असावा. डॉक्टरांकडे बोट करून ते म्हणाले, "हे कळायला माणसानं आयुष्यात काहीतरी गमावलेलं असावं लागतं!"

सरांचे बोट हवेतच राहिले. डॉक्टर उठले, चष्मा खिशात ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. सर दोनदा त्यांच्या दवाखान्यात गेले. दोन्ही वेळा आतून निरोप आला, डॉक्टर कामात आहेत. मंडळातले लोक महिनाभर त्या चित्रपटावर भांडत होते. कोणी त्याला महान म्हणे, कोणी फसवणूक. सरांनी मंडळाच्या पत्रकात त्या पोकळीवर तीन पाने लिहिली. आणि ती पोकळी दादांनी स्टुलाखाली ठेवली होती, हे मला, दादांना आणि वहिनींना ठाऊक होते. चित्रपट परत गेला तेव्हा सातही डबे ओळीने गेले.

"जा आणि सांगून टाका," वहिनी रोज म्हणायच्या.

"सांगून काय होणार? दोघांचं तुटलं ते तुटलं."

"तुटलं ते तुमच्या कात्रीनं. मग सांधणार कोण, मी?"

दादांचे कामात लक्ष लागेना. एका दुपारी कांडी बदलताना त्यांचा अख्खा तळहात भाजला. वहिनींनी कोणालाही न विचारता डॉक्टरांनाच बोलावणे धाडले. ते बॅग घेऊन जिना चढून केबिनमध्ये आले. स्टुलावर बसून त्यांनी दादांचा हात मांडीवर घेतला आणि जखम धुऊ लागले.

"डॉक्टर," दादा म्हणाले, "त्या शिडीच्या पिक्चरचं एक रीळ मी दाखवलं नव्हतं."

डॉक्टरांनी वर पाहिले नाही. दादा अडखळत बोलत राहिले. त्या रिळात एक लहान मुलगी होती, तळे होते, आणि बाप होता. तुम्हाला त्रास होईल असे वाटले म्हणून काढून ठेवले. डॉक्टर पट्टी गुंडाळत होते. त्यांनी ती पूर्ण बांधली, गाठ मारली आणि मगच बोलले.

"दादा, माझ्या घरात चार वर्षं हेच चाललंय. तिचे फोटो काढून ठेवले. तिचं दप्तर कोणाला तरी देऊन टाकलं. मी खोलीत शिरलो की बायको रडायची थांबते. लोक माझ्यासमोर पाण्याचा ग्लाससुद्धा जपून ठेवतात. म्हणून मी इथे यायचो. वाटायचं, इथे तरी कोणी काही लपवत नाही."

"चुकलं माझं, डॉक्टर."

"हात ओला करू नका," एवढे म्हणून ते जिना उतरून गेले.

त्या संध्याकाळी दादांनी सरांनाही सांगितले. सर केबिनच्या भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "म्हणजे मी तीन पानं कशावर लिहिली?" मग स्वतःच म्हणाले, "मी त्याला काय बोललो, दादा."

सरांनी पुन्हा तो चित्रपट मागवला. पत्रावर पत्रे पाठवली. आठ महिन्यांनी डबे निघाल्याचे कळले. सरांनी डॉक्टरांच्या दारातून एक चिठ्ठी आत सरकवली. त्यात फक्त वार आणि वेळ लिहिली होती.

डबे शनिवारी रात्री उशिरा पोचले, त्यामुळे आधी चालवून पाहता आले नाहीत. रविवारी सकाळी दादांनी चौथा डबा उघडला आणि केबिनभर आंबट वास पसरला. कुठल्यातरी गोदामात ओल लागून फितीचे पदर एकमेकांना चिकटले होते. नखाने ओढले तरी पापुद्रे निघत होते. ते रीळ कोणत्याही यंत्रातून जाणार नव्हते. खाली सभागृहात पंचवीसेक माणसे बसली होती. कडेच्या खुर्चीत डॉक्टर होते आणि त्यांच्या शेजारी, पहिल्यांदाच, त्यांची बायको.

"त्यांना घरी पाठवू या," सर म्हणाले.

वहिनी दारात उभ्या होत्या. "का पाठवायचं? यांनी पाहिलंय ना? मग सांगा म्हणावं तोंडानं."

तीन रिळे मी चालवली. मग दादांनी मला थांबवले आणि ते खाली गेले. केबिनच्या खिडकीतून मला ते पडद्यासमोर उभे दिसले, एका हातात टोपी घेऊन. जन्मात चार माणसांसमोर न बोललेला हा माणूस बोलू लागला.

"चौथं रीळ खराब झालंय. मी ते पाहिलेलं आहे, तर सांगतो. तळं गोठलंय. म्हातारा तेव्हा तरुण आहे. तो आणि त्याची पोरगी चाललेत. बर्फ फुटतं आणि पोरगी आत जाते. तिनं कडेला धरलंय. बाप पोटावर सरपटत जातो. बोटाला बोट लागतं, पण खालून बर्फ करकरतं. तो मागे होतो."

दादा थांबले. पुढचे एक वाक्य गाळले असते तर कोणाला कळले नसते. ते मला कळत होते आणि त्यांनाही.

"तो म्हणतो, धरून राहा, मी शिडी आणतो. ती म्हणते, नको जाऊस. आणि तो जातो. घर लांब आहे. तो पळतो, पडतो, उठतो. सगळं दाखवलंय, एक पाऊलही गाळलेलं नाही. शिडी आणून तो बर्फावर आडवी सरकवतो. ती पुरत नाही. पोरगी हात लांब करते. मग हात दिसत नाही. बाप तिथेच बसून राहतो. संध्याकाळ होते. पाणी परत गोठतं. रीळ संपतं."

कोणी खोकले नाही. मग अंधारातून एका बाईचा आवाज आला. डॉक्टरांच्या बायकोचा.

"किती कमी पडली शिडी?"

"दोन पायऱ्या," दादा म्हणाले.

मग डॉक्टर बोलले, सभागृहाला नव्हे, शेजारच्या खुर्चीला. "आपला दोर पुरला असता. मी पोचलो नाही वेळेत. तिनं मला हाक मारली होती, जाऊ नका म्हणून. हे मी तुला सांगितलं नव्हतं."

त्यांची बायको मोठ्याने रडली. या वेळी ती थांबली नाही. पहिल्या रांगेतली परिचारिका उठून मागे गेली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

दादा वर आले. त्यांनी पाचवे रीळ लावले. म्हातारा शिडी घेऊन पुन्हा तळ्यावर आला आणि त्या जागी ती उभी केली. या वेळी कोणी हसले नाही. तरी शेवटी दोघेतिघे बाहेर पडताना म्हणालेच, "काहीही म्हणा, फार संथ आहे." ते खरेच होते.

जिन्याखाली सर उभे होते. "माझं चुकलं," ते म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "सिनेमा मला अजूनही आवडलेला नाही."

"बरं."

यापलीकडे काही झाले नाही. दोघे गळ्यात पडले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. त्याच वर्षी डॉक्टर दवाखाना बंद करून बायकोसह दुसरीकडे राहायला गेले. सरांनी काही महिने मंडळ चालवले आणि मग सोडून दिले. नवे यंत्र आले तेव्हा दादा घरी बसले. त्यांचे हात कापत असत. मग त्यांच्या जाण्याची बातमी वहिनींनी इथे येऊन मालकांना सांगितली. मी भिंतीपलीकडून ऐकली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. पुसली तरी माझ्या कांड्या आता कुठे मिळत नाहीत. एवढेच मागतो, की तुमच्या ओळखीत कोणी असे दुःख घेऊन बसले असेल, तर त्याला काय झेपेल हे त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका. त्यालाच विचारा. आणि तो सांगू लागला की, कितीही संथ वाटले तरी, मधूनच उठून जाऊ नका.