चंपी कुणाच्या मागं गेली

तामलवाडीत कुत्रीला पिल्लं झाली की नर पाळायला न्यायचे आणि माद्या वेशीबाहेर सोडायच्या, अशीच रीत. कस्तुराबाईनं मात्र वाघ्याबरोबर त्याची बहीण चंपीही ठेवून घेतली. वाघ्याचा नुसता बडेजाव. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायचं, भाकरीवर आधी झडप घालायची आणि भादवा लागला की गावभर उंडारून फाटका कान घेऊन परतायचं. कस्तुराबाईचा नवरा बिभीषण कौतुकानं त्या कानाला हळद लावी. "गडी हाय त्यो!" चंपी मात्र शेळ्या कोंडल्याशिवाय तुकड्याला तोंड लावत नसे. तिचं कौतुक कोण करणार?

यंदाच्या भादव्यात गावातली कुत्री चंपीसाठी दारात जमू लागली आणि बिभीषणाचं डोकं फिरलं. "लोकं हसायलेत," म्हणाला. शेळ्या विकायला उमरग्याच्या बाजाराला निघाला, तेव्हा राखणीला म्हणून त्यानं चंपीलाही टेम्पोत घेतलं. परतला एकटाच.

"पळाली. मादीची जात, गेली कुणाच्या तरी मागं."

कस्तुराबाईला ते खरं वाटलं. "सटवीला पोटच्या पोरीवानी वाढवलं!" असं ती येईल त्याला सांगत सुटली. चंपीची अ‍ॅल्युमिनियमची थाळी तिनं कोंबड्यांना दिली.

दिवाळीच्या तोंडावर टेम्पोवाला वीरप्पा दारात आला.

"काकू, कुत्री आणली न्हाय व्हय अजून? तुमच्या मालकानं बाजाराच्या फाटकाशी सोडली, दगडं मारून हुसकली, तरी तिथंच बसायलीय. कुठलाबी टेम्पो थांबला की उठून बघती."

कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कुत्री टाकली ती टाकलीच. पण आपण त्या मुक्या जिवाला शिव्या घालत होतो तेव्हा हाच माणूस शेजारी बसून मान डोलवत होता. इतकी वर्षं याच्यासोबत संसार केला आणि यानं आपल्याला असं वेड्यात काढलं!

"चला," ती बिभीषणाला म्हणाली. "तुमीच सोडलीया, तुमीच आणायची."

बाजाराच्या फाटकाशी वीरप्पाचा टेम्पो थांबला. हाडांचा सापळा झालेली चंपी धडपडत उठली. कस्तुराबाईनं हात पसरून हाक मारली. चंपी तिला ओलांडून सरळ बिभीषणाकडं धावली आणि त्याच्या पायांवर लोळू लागली.

बिभीषण ओशाळून हसला. "बघ, राग न्हाय तिला."

"तिला न्हाय," कस्तुराबाई म्हणाली.

तिनं चंपीला उचललं आणि ती मागं हौद्यात जाऊन बसली. पुढची, बिभीषणाच्या शेजारची जागा तामलवाडीपर्यंत रिकामीच होती.