दोन बटणांचं मशीन

"सही कर आणि मोकळी हो," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, आणि आमच्या छापखान्यातला मुकादम, मालकांचा उजवा हात. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणून त्यांनी आपला उजवा हात धाडला होता. वा!

कागद कापायचं आमचं मशीन दोन बटणांचं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, म्हणजे तेव्हा हात बाहेरच असतात. पण एका हाताने गठ्ठा सरकवत दुसऱ्याने कापलं तर काम दुप्पट निघतं. म्हणून मालकांनी सांगितलं आणि दादाने उजव्या बटणात लाकडी पाचर ठोकून ते कायमचं दाबून टाकलं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं आणि मीही मूग गिळून बसले, खोटं कशाला सांगू?

कागदावर लिहिलं होतं, भरपाई मिळेल, दावा आणि तक्रार दोन्ही मागे घ्यायची.

"भरपाई मान्य. दिवाणी दावा मिटवते, सांग त्यांना."

दादाचा जीव भांड्यात पडला.

"फौजदारी मात्र राहील."

"अगं बाई, दोन बोटांपायी दोन-दोन कोर्टं कशाला?"

चौकीतला हवालदारही असंच म्हणाला होता. भरपाईचं प्रकरण आहे, दिवाणीत जा. दोनदा हात हलवत परत आले. तिसऱ्यांदा त्याच्या बाकावर ठाण मांडून बसले, दिवसभर उठलेच नाही, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली.

"वकीलबाईंनी सांगितलंय मला," मी म्हटलं. "दिवाणी म्हणजे मी विरुद्ध मालक. नुकसान माझं, हवं तेव्हा मिटवीन. फौजदारी म्हणजे सरकार विरुद्ध मालक. तिथे मी नुसती साक्षीदार. माझ्या एका सहीने ती मिटत नाही, आणि मिटत असती तरी केली नसती!"

"सिद्ध काय करणार?"

तेवढीच एक अडचण होती. दिवाणीत माझं म्हणणं जास्त पटलं तरी पुरे. फौजदारीत थोडीशी रास्त शंका उरली की मालक सुटले. पाचर कुणाच्या हुकमावरून ठोकली, ते ठोकणाराच सांगू शकत होता.

"तू सांगशील," मी म्हटलं.

"वेडी झालीस? आधी मीच आत जाईन!"

"जाशील कदाचित."

"सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणून तर माफ केलं तुला. हाताची पट्टी सुटायच्या आधीच केलं. पण माझ्या माफीने बटण सुटतं का रे? आज त्या मशीनवर कोण उभं आहे?"

दादा खाली बघायला लागला. त्याची स्वतःची मुलगी, माझी भाची, उभी होती. घरातलीच पोर घेतली म्हणून मालकांनी उपकार केल्यासारखं तोंड केलं होतं.

"पाचर काढलीस?"

"मालक म्हणाले, हातातलं काम उरकू दे..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातावरचा रुमाल फेकला आणि तीन बोटांचा पंजा त्याच्या कागदावर आपटला. "बघ! घरी जा आणि पोरीच्या हाताशेजारी मनात ठेवून बघ. आणि हा कागद घेऊन जा. फौजदारीची ओळ खोडून आणलीस तरच सही करीन."

तो उठून गेला. कागद टेबलावरच राहिला. मग मी खूप रडले, कारण भाऊ मला एकच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलबाईंचा फोन आला. "अहो, तुमचे दादा चौकीत येऊन बसलेत. मुलीला कामावरून सोबतच आणलंय, आणि ती पाचर टेबलावर ठेवलीय. हवालदार समजावतोय, जबाब दिलात तर तुम्हीही अडकाल, घरी जा. ते उठायलाच तयार नाहीत!"

मी चपला घातल्या. त्या बाकावर तिघांना जागा होते, मला माहीत आहे.