वरातीआधीच्या भाजक्या बिया

दाल्मे गावातल्या गिंकोच्या झाडाची सावली संध्याकाळी इतकी लांब पडायची, की नदीपलीकडच्या गावाने एकदा तिच्यात हिस्सा मागितला होता. भांडण थेट सुभेदारापर्यंत गेलं. सुभेदार चौकशीला आला, सावलीत टेकला, त्याला डोळा लागला, आणि जाग आली तोवर त्याची बदली झाली होती. ही गोष्ट दाल्मेतलं कोणीही शपथेवर सांगेल. झाडाचं वय मात्र कोणी सांगणार नाही. गावाने झाडाचं नाव ठेवलंय थोरली, आणि थोरलीला वय विचारायचं नसतं. एवढं वय होऊनही दर शरदात ती बियांनी लगडते, आणि त्या बियांवरचा गर पायाखाली फुटला की गावभर नाकाला फडकी लागतात.

त्या वर्षी थोरलीची सगळ्यात जास्त वाट बघत होती पिल्नाम आजी. पिल्नाम म्हणजे 'पुढचा नक्की मुलगा'. तीन मुलींनंतर ही चौथी झाली, तेव्हा बापाने नावातूनच वर ताकीद पाठवली होती. वरच्याने काही मनावर घेतली नाही; पाचवीही मुलगीच झाली.

आजी रोज सकाळी फडकं घेऊन झाडाखाली जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. थंडी लांबली होती. पानं पिवळीधम्मक झाली होती, फांद्या बियांनी वाकल्या होत्या, पण दहिवर गोठल्याशिवाय थोरली काही सोडत नसे.

"झाडाचं देणं आहे का काही तुझ्याकडे?" शेजारची हादोंगवाली येऊन बाजूला बसली. हादोंगहून सून होऊन आल्याला तिचं आयुष्य गेलं, तरी गाव तिला माहेरच्याच नावाने हाक मारायचं. "रोज टक लावून बसतेस, ताई. गुडघ्याचं औषध आहे का वर?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"मग सरपंचाला काय सांगितलंस? गुडघा दुखतो, लग्नाच्या बसमध्ये मला धरू नका म्हणून?"

पिल्नामने एक पान उचललं आणि पंख्यासारखं हलवलं. वारा काही लागला नाही.

शनिवारी सेऊलमध्ये तिच्या नातीचं, सोल्हीचं लग्न होतं. सोल्हीची आई गेली तेव्हा पोर दुपट्यात होती. पिल्नामने तिला पाठीशी बांधून भात लावला, मिरच्या खुडल्या, बाजार केला. आता पोरीने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "मांडवात आईची खुर्ची तुझी, आजी. तू आली नाहीस तर रिकामी राहील. दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही मी."

"लघवीचंच ना?" हादोंगवालीने आवाज खाली आणला.

"चहा घेतला तर इथून घरापर्यंत निभत नाही माझं. आणि सेऊल म्हणजे अर्ध्या दिवसाचा रस्ता."

ते गावाला ठाऊक होतं. समुद्राच्या सहलीला भर रस्त्यात आजीसाठी बस थांबवली होती, बायकांनी छत्र्यांचा आडोसा धरला होता, आणि नेमका वारा सुटला होता. तेव्हापासून सरपंच मान्ग्यू सहलीची दवंडी भोंग्यावरून द्यायचा, ती शेवटी 'पाऊस असो नसो, छत्री आणावी' असं म्हणून. गाव हसायचं. पिल्नामही हसायची. पण ती त्यानंतर बसमध्ये चढली नव्हती.

"गोळ्या मिळतात की दवाखान्यात."

"घेतल्या होत्या. घसा वाळला, डोकं गरगरलं, आणि मी कोंबडीला वहिनी म्हणाले."

"कोंबडीने ओ दिली?"

"दिली. म्हणून तर गोळ्या बंद केल्या."

"मोठ्या माणसांचे लंगोटही मिळतात, ताई. माझी जाऊ..."

"रेशमी हानबोक घालून सगळ्यांसमोर बसू, आणि उठताना बुडाखाली कुरकुर वाजू दे? नको. मी थोरलीच्या बिया खाऊन जाणार. नवरी होऊन आले तेव्हा आईने हातावर भाजक्या बिया ठेवल्या होत्या. दोन डोंगर, वर बर्फ, मेण्यात मी एकटी आणि एक पितळी भांडं. भोयांना चारदा खाली ठेवून जावं लागलं. माझं भांडं इथे पोचलं ते कोरडं ठणठणीत."

"तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस, ताई."

"थोरली तेव्हाही म्हातारीच होती. तिला जमतंय ना अजून?"

 हादोंगवाली उठली आणि एप्रनला हात पुसत म्हणाली, "मग बांबू आणते. चार फांद्या झोडपू. नदीपलीकडे सगळे झोडपतात."

"दाल्मेत नाही झोडपत. सासूने मरताना मला दागिने कुठेत ते सांगितलं नाही, पण हे सांगितलं. थोरलीला काठी लावायची नाही. पडेल ते घ्यायचं."

"आणि शनिवारपर्यंत नाही पडलं तर?"

"तिला शनिवार माहितीय. रोज कानावर घालतेय मी."

पण घरी परतताना पिल्नामने दोनदा मागे वळून फांद्यांकडे बघितलं. खुंटीवर निळा हानबोक, लग्नाकार्याचा घेरदार पोशाख, इस्त्री करून टांगलेला होता. तिने त्याच्याकडे पाठ करून भात शिजवला.

गुरुवारी पहाटे विहिरीवरचं टमरेल गोठलं. पिल्नामने ते बोटाने वाजवून बघितलं आणि चुलीवरचं तसंच टाकून निघाली. ती पोचली तेव्हा वारा नव्हता, पाखरू नव्हतं, आणि थोरली सोडत होती. वरून सगळं पिवळं एकदम खाली येत होतं, आणि त्यात टप टप, टप टप बिया. बघता बघता वरच्या फांद्या मोकळ्या झाल्या आणि उजेड आकाशातून यायचा तो जमिनीतून वर यायला लागला. गावातल्या कोंबड्यांची पंचाईत झाली. दिवस उगवतोय की मावळतोय कळेना, म्हणून अर्धे आरवले आणि अर्धे झोपायला गेले.

पिल्नामने एकही बी उचलली नाही आधी. तळहात एकमेकांवर चोळत ती बुंध्यापुढे वाकली. "दोन दिवस हातात ठेवून दिलंस गं," ती म्हणाली. "आभार. म्हातारीची लाज म्हातारीलाच कळते." मग सोबत आणलेली वाटीभर तांदळाची दारू तिने मुळांवर ओतली, हातमोजे चढवले आणि जमिनीवर बसून पसरट हातांनी फडकं भरायला लागली.

तोवर भोंगा खरखरला. "ऐका हो ऐका. थोरलीने सोडलंय. हातमोजे घालून या. गेल्या साली मोज्यांशिवाय आलेल्यांचे हात सुजून भोपळे झाले होते. नावं घेत नाही, माझ्या मेहुण्याने समजून घ्यावं."

सगळं गाव लोटलं. पोती भरली, ओढ्यात टाकली, आणि रबरी बूट घालून बायका त्यावर नाचल्या. गर धुऊन गेला, पांढऱ्या टणक बिया राहिल्या, आणि ओढ्यातले मासे, असं म्हणतात, तीन दिवस दुसऱ्या ओढ्याला पाहुणे गेले.

शनिवारी सकाळी पिल्नामने लोखंडी तव्यात बिया भाजल्या. कवचं फुटली, आत हिरवेगार, ओलसर चकाकणारे गाभे. मिठाची चिमूट घातली. आईने जेवढे तळहातावर मोजून दिले होते, तेवढेच खाल्ले. त्यापुढे गेलं की याच बिया माणसाला आडवं करतात. उरलेले तिने डब्यात घालून झाकण लावलं.

बसच्या दारात मान्ग्यू उभा होता. "काकू, तुम्ही? आणि गुडघा?"

"घरी ठेवलाय. कोंबड्यांना कोणीतरी हवं ना."

"छत्री घेतलीत का?" तो डोळे मिचकावत म्हणाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पिल्नाम हानबोकचा घेर सावरून खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. हात मात्र मांडीवर घट्ट बांधलेले होते.

बस सुटली तशी मेजवानी सुरू झाली. तांदळाचे लाडू, डुकराच्या मांसाचे काप, पेल्यामागून पेले. मान्ग्यू मधल्या वाटेत नाचत गात होता आणि दर गाण्याला एक पेला रिता करत होता. पिल्नामने कशालाच हात लावला नाही. पहिला तास गेला. दुसरा गेला. ती आतून कानोसा घेत होती, जसा नांदत्या घरात पाळण्यातल्या बाळाचा घेतात. बाळ झोपलेलं होतं.

आणि मग बस बोगद्यात अडकली. रंगलेली पानं बघायला सगळा देश त्याच रस्त्याने निघाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही अंगाला भिंत. गाणी एकेक करत बंद पडली. पेले खाली ठेवले गेले. मान्ग्यू आधी एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या, मग खाली बसला, मग बसवेना म्हणून उठला.

"काकू," तो कानाशी येऊन कुजबुजला. कपाळावर घाम होता. "त्या बिया उरल्यात का हो?"

"आधी खायच्या असतात रे. ती काय बुचं आहेत?"

"काकू, मी मरतोय."

पिल्नामने त्याच्याकडे बघितलं. पन्नास वर्षांपूर्वी तिने याला उघड्या ढुंगणासकट ओढ्यातून ओढून काढलं होतं. चेहरा तेव्हा असाच झाला होता. छत्रीचं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

बोगदा संपताच तिने ड्रायव्हरला हाक मारली. "बाबा, कडेला घे." मग उभी राहून सगळ्या बसला म्हणाली, "आता सगळ्यांनी डावीकडचा डोंगर बघायचा. पानं काय रंगलीत बघा. मी सांगेपर्यंत कोणी मान वळवायची नाही."

मान्ग्यू उजवीकडून उतरला, त्याच्यामागे त्याचा मेहुणा, त्याच्यामागे आणखी सहा. आणि अख्खी बस डावीकडे बघत राहिली. डावीकडे खरं तर एक सिमेंटचा कारखाना होता. "काय सुंदर," हादोंगवाली म्हणाली. "असा डोंगर आपल्याकडे नाही."

मान्ग्यू परत आला तो खाली मान घालून. "उपकार झाले, काकू."

"माझे नाहीत. थोरलीचे. परत गेलास की तिच्या बुंध्याशी एक वाटी ओत." मग तिने डबा उघडला आणि मोजून सगळ्यांच्या हातावर गाभे ठेवले; परतीचा रस्ताही तेवढाच होता.

लग्नाच्या हॉलमध्ये दिव्यांचा नुसता पूर होता. पिल्नाम आईच्या खुर्चीत बसली, शेजारी तिचा मुलगा, सोल्हीचा बाप. तिने पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा एकदा आत कानोसा घेतला. सगळं शांत होतं. इतकं शांत, की कितीतरी दिवसांनी तिला स्वतःची आठवणच राहिली नाही. ती नुसती बघत राहिली.

सोल्ही पांढऱ्या झग्यात समोर आली. अशा झग्यात नवऱ्या नुसत्या कमरेतून वाकतात. सोल्हीने दोन्ही हातांनी झगा गोळा केला, गुडघे टेकले, आणि जिच्या पाठीवर ती वाढली तिच्यापुढे कपाळ जमिनीला लावलं.

बियांनी खालचा बंदोबस्त चोख ठेवला होता. वरचा कुणी त्यांच्याकडे सोपवलाच नव्हता. पिल्नामच्या डोळ्यांतून धार लागली, हनुवटीवरून निळ्या रेशमावर आली आणि थांबेना.

सोल्ही घाबरून उठली, कानाशी वाकली. "आजी, बाहेर जायचंय का तुला?"

"नाही गं," पिल्नाम म्हणाली आणि तिचा हात धरून ठेवला. "मला कुठ्ठेच जायचं नाहीये."