ओझं विरघळवणारं पाणी

फ्रिजच्या दुकानावरचा हॉल तुडुंब भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, आणि उशिरा आलेली जिन्यातच अडकली. मंचावर मेणबत्त्यांच्या रांगेमागे हलकेमहाराज एक पांढरा धोंडा उचलत होते. धोंडा भोपळ्याएवढाच, पण उचलताना महाराजांच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या, गुडघे वाकले आणि दोन्ही चेले "सांभाळा, सांभाळा" करत धावले.

"या ताईंनी इतकी वर्षं हे उरावर वागवलंय!" महाराज धापा टाकत म्हणाले. "कुणी हात लावू नका. परक्याचं दुःख बोटाला चिकटतं. आता बघा, मुक्तिजल काय करतं ते!"

धोंडा पितळी पातेल्यात उतरला. चुरचुर असा बारीक आवाज झाला. धोंडा बसला, खचला, वितळला आणि बघता बघता नाहीसा झाला. पातेल्यात तळाशी थोडा चिकट गाळ उरला. ज्या ताईंचं ते ओझं होतं त्या हुंदके देत खाली बसल्या, आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. महाराजांनी गाळ चमच्याने वर काढून दाखवला. "हे एवढंच होतं बघा. उरलेला सगळा तुमचा भ्रम."

हे शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं होतं, असं मागच्या रांगेतल्या लेबलबाईला वाटलं.

लेबलबाई हे तिचं नाव नव्हे. घरगुती वस्तूंची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत तिने जन्म काढला. बाटलीवर जे लिहिलंय तेच बाटलीत आहे का, आणि बाटलीत जे आहे ते सगळं वर लिहिलंय का, एवढंच तिचं काम. ती दारात दिसली की कारखानदारांची पाचावर धारण बसायची. आता निवृत्त झाली तरी सवय जाते थोडीच! बिस्किटाचा पुडासुद्धा ती आधी वाचायची, मग खायची. त्यातून एका तापात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. अत्तर आणि कुजका बटाटा तिला सारखेच. घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला कुणी नसलं की जेवण करपलंय हे माणसाला पानात वाढल्यावर कळतं. ते तिला नेहमीच उशिरा कळायचं.

तिला इथे ओढून आणलं होतं शेजारणीने. दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. रोज सकाळी शेजारीण चमच्याने भिंतीवर टकटक करायची आणि ही पलीकडून तशीच उत्तर द्यायची. अर्थ एवढाच की रात्र पार पडली, मी आहे. उत्तर आलं नाही तर किल्ली लावून आत यायचं, असं ठरलेलं होतं. शेजारणीचा नवरा गेला त्यानंतर हे सुरू झालं. लेबलबाईच्या दिवसात बऱ्याचदा तेवढंच बोलणं व्हायचं.

शेजारणीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. हात असा स्थिर की सुट्टीच्या दिवशी बायकोची नखं तोच रंगवायचा. आधी कापसाने जुना रंग पुसायचा, मग नवा लावायचा, आणि हे सगळं खिडकीत बसून. रंग पुसायचं "औषध" तो आपल्या दुकानातून आणायचा, घड्याळांचे भाग साफ करायला लागायचं तेच, एका जुन्या बिनलेबलच्या बाटलीत. त्यावरून लेबलबाईने त्याला कितीदा फैलावर घेतलं होतं. "अहो, लेबल नसलेली बाटली म्हणजे मोकाट कुत्रं. चावेल की नाही, कुणी सांगावं?" तो हसायचा आणि म्हणायचा, "आमचं कुत्रं पाळीव आहे हो."

तो गेला, आणि त्याने लावलेला शेवटचा रंग शेजारणीच्या नखांवरून हळूहळू पुढे सरकत गेला. आता फक्त उजव्या अंगठ्याच्या टोकाला चंद्रकोरीएवढा लाल रंग शिल्लक होता. ते नख ती कापत नव्हती. भांडी घासताना त्या एका हातात रबरी मोजा घालायची.

आणि आज महाराजांनी तिला मंचावर बोलावलं. "हात बुडवा, ताई. ज्याला धरून बसलात ते सोडा." तिने पातेल्यात हात बुडवला, बाहेर काढला, चेल्याने दिलेल्या फडक्याने पुसला. अंगठा कोरा झाला होता.

"त्यांनी नेला गं!" घरी परतताना शेजारीण रडत होती आणि हसतही होती. "आपला रंग परत घेऊन गेले. आणि खरं सांगू? तिथे अत्तर घमघमत होतं ना, त्याच्या आडून मला त्यांच्या हातांचा वास आला. दुकानातून आल्यावर यायचा तसाच. ते माझ्या शेजारी उभे होते."

लेबलबाईच्या डोक्यात तेव्हाच सगळं जुळलं होतं. पाण्याने नखाचा रंग जात नाही. रंग ज्याने जातो त्याने आणखी काय काय विरघळतं, हे तिला पाठ होतं. पण कित्येक महिन्यांनी शेजारीण हसली होती. लेबलबाईने आयुष्यात पहिल्यांदाच एक खोटं लेबल तसंच जाऊ दिलं.

काही दिवसांनी सकाळी भिंत वाजली नाही. लेबलबाईने आपला चमचा आपटला, थांबली, पुन्हा आपटला. मग किल्ली घेऊन धावली.

शेजारीण पलंगावर डोकं धरून पडली होती. दारंखिडक्या घट्ट बंद होत्या. उशाशी रुंद वाटी, तिच्यात मुक्तिजल. महाराजांनी उशाशी ठेवायला म्हणून विकत दिलेली बाटली शेजारीच होती, आणि तिच्यावर अक्षरही नव्हतं. वाटीच्या पलीकडे नवऱ्याचा फोटो, फोटोपुढे मेणबत्ती, मेणबत्तीजवळ काडेपेटी.

"वास यावा म्हणून वाटीत ओतलं," शेजारीण क्षीण आवाजात म्हणाली. "त्यांच्यासाठी मेणबत्ती लावणार होते, तेवढ्यात गरगरलं. लावते आता..."

"हात लावू नकोस काडीला!" लेबलबाई ओरडली. तिने काडेपेटी खिशात कोंबली, खिडक्या उघडल्या, वाटी गच्चीवर नेऊन ठेवली आणि शेजारणीला मोकळ्या हवेत बसवलं. वास तिला येत नव्हता, पण वाटीत काय आहे ते ठाऊक होतं. एक काडी, एवढंच राहिलं होतं. ती ओढली गेली असती तर या भिंतीपलीकडे पुन्हा कधीच टकटक झाली नसती. खोटं लेबल चालू दिल्याचं फळ तिच्या डोळ्यांसमोर उभं होतं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये गर्दी तेवढीच होती. शेजारीणही आली होती, डोकं दुखत असूनही. लेबलबाई सरळ मंचावर चढली.

"मलाही ओझं आहे," ती म्हणाली.

"बोला ताई, काय दुःख?"

"एकटीच असते. बोलायला कुणी नाही." हे तिने युक्ती म्हणून ठरवलं होतं, पण बोलून गेल्यावर ते खरंच आहे हे तिच्या लक्षात आलं.

महाराजांनी डोळे मिटले, काळ्या पडद्याआड गेले आणि कण्हत-कुंथत एक धोंडा घेऊन आले. "फार जड! फार जड!"

"द्या इकडे. माझं ओझं मीच उचलते."

"अहो, हात लावू..."

तोवर तिने धोंडा काढून घेतला होता. तिने तो एका बोटावर तोलून धरला. मग वर उडवला आणि झेलला. पहिल्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"थर्माकोल," लेबलबाई म्हणाली. "खालच्या दुकानात फ्रिज याच्यात बांधून येतात. वर खडूची पूड चोळलीय. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग नुसती हवा. महाराजांच्या मानेच्या शिरांना मात्र मानलं पाहिजे."

"शास्त्राला सगळंच कळत नाही!" महाराज गरजले. "मुक्तिजलात दैवी शक्ती..."

"तीही आणलीय." तिने आधी खिडक्या उघडायला लावल्या. मग पिशवीतून स्टीलचं भांडं काढलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, नखांचा रंग पुसायची साधी बाटली. ती भांड्यात ओतली, धोंड्याचा तुकडा मोडून आत टाकला. चुरचुर झाली. तुकडा बसला, खचला आणि नाहीसा झाला. तळाला तोच चिकट गाळ. "याचं नाव ॲसिटोन. थर्माकोलची जाळी यात विरघळते, कोंडलेली हवा निघून जाते. दुःख होतं तिथेच राहतं."

ती महाराजांकडे वळली.

"एक विचारू? तुमच्या मंचावर एवढ्या मेणबत्त्या आहेत, त्या सगळ्या बॅटरीच्या का?"

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कारण हे पेट घेतं, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. याची वाफ दिसत नाही. जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत जाते. स्वतःपुरती काळजी घेतलीत. या माणसांना मात्र बिनलेबलची बाटली देऊन उशाशी ठेवायला सांगितलंत. आज सकाळी माझी मैत्रीण काडी ओढणार होती!"

तिचा आवाज फाटला. लोक महाराजांकडे वळले, पण तिथे पडदाच हलत होता. मागच्या जिन्यावर तिघांच्या चपला वाजल्या. मुक्ती देणारे स्वतःच मुक्त होऊन पळाले होते.

मग झाली दुसरी गडबड. "म्हणजे हे विष आहे!" एक शिंपी ओरडला. "माझ्या मुलीकडे आहे ही बाटली. आजच फेकतो!" "बंदीच घातली पाहिजे या केमिकलवर!" दुसऱ्याने सूर लावला. काल ज्याला हात जोडत होते त्याच्यावरच आज सगळे काठ्या उगारायला निघाले.

"फेकू नका, वाचा!" लेबलबाई म्हणाली. "हे पाणी देव नव्हतं, तसं भूतही नाही. नखांचा रंग यानेच निघतो, कारखान्यात चिकटपट्टीचे डाग यानेच जातात. तुमच्या-माझ्या शरीरातही हे थोडंसं तयार होतं आणि बाहेर पडतं. बाटलीत किती असावं, वर काय लिहावं, याचे नियम असतात. ते उगाच नाहीत. हवा खेळती ठेवा, आगीपासून लांब ठेवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, पिऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका. एवढं पाळलं की झालं. धोका नुसत्या नावात नसतो. किती घेतलं, कसं वापरलं, यात असतो. आणि कुणी म्हणालं की 'विचारू नका, हात लावू नका', तर आधी विचारा आणि मग हात लावून बघा. माणसाचं असो की बाटलीचं, लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका."

टाळ्या पडल्या, पण थोड्याच. ज्यांचं ओझं त्या दिवशी विरघळलं होतं, त्या ताई उठून उभ्या राहिल्या.

"बाई, तुमचं सगळं खरं," त्या म्हणाल्या. "पण इथे आम्हाला कुणीतरी विचारत होतं, काय दुःख म्हणून. आता कोण विचारणार?"

लेबलबाईने हॉलभर नजर फिरवली. शेजारणीची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी भिंत वाजली नाही. लेबलबाईने चमचा आपटला, उत्तर आलं नाही. नळ सुरू झाल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज येत होता. म्हणजे शेजारीण होती, फक्त बोलत नव्हती. मग रोज तसंच झालं. लेबलबाई रोज टकटक करायची आणि रोज चमचा धुऊन जागेवर ठेवायची. आपण बरोबर होतो याची तिला खात्री होती. बरोबर असल्याने घर भरत नाही, हेही तिला समजलं. शेजारीण दिसेल म्हणून संध्याकाळी ती मुद्दाम जिन्यात रेंगाळायची. त्या ओझंवाल्या ताई एकदा रस्त्यात भेटल्या. लेबलबाईने त्यांना थांबवलं आणि विचारलं, "काय दुःख होतं हो तुमचं?" त्या बोलायला लागल्या आणि दोघी कितीतरी वेळ फुटपाथवरच उभ्या राहिल्या.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी टकटक झाली. भिंतीवर नव्हे, दारावर.

शेजारीण उभी होती. एका हातात लाल रंगाची नवी कुपी, दुसऱ्या हातात जुनी बिनलेबलची बाटली.

"त्यांच्या खणात सापडली," ती म्हणाली. "उघडून बघितली. तोच वास. हॉलमध्ये आला होता ना, तोच." तिने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "म्हणजे ते आले नव्हते."

"नाही गं."

"पण वास त्यांचाच होता."

"हो. वास त्यांचाच होता," लेबलबाई म्हणाली. "ते खोटं नव्हतं. महाराजांनी चोरून विकला, एवढंच."

शेजारणीने डोळे पुसले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्याच घरात होता, आणि मी त्या सोंगाड्याच्या दारात गेले." तिने बाटली पुढे केली. "हिला लेबल लाव."

लेबलबाईने कागद कापला, चष्मा लावला आणि सुबक अक्षरात लिहिलं: ॲसिटोन. आगीपासून दूर ठेवावे. हवा खेळती असावी. शेजारीण म्हणाली, "आणि खाली त्यांचं नाव लिही." नियमात ते बसत नव्हतं. लेबलबाईने लिहिलं.

"आता नखं रंगवून दे."

"माझा हात थरथरतो."

"थरथरू दे."

"मग आधी खिडकी उघड," लेबलबाई म्हणाली.

दोघी खिडकीत बसल्या. पहिल्याच नखाला रंग बाहेर गेला, अगदी बोटाच्या पेरापर्यंत. पुसायला बाटली होतीच.