सहा वर्षांत चार भोकं

मित्रांनो, भिंती भेदण्यासाठीच माझा जन्म झाला आहे. मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. वय वर्षं सहा. त्यातला प्रत्यक्ष भिंती भेदण्यात गेलेला काळ साडेतीन मिनिटं.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ही दगडालासुद्धा सोडणार नाही." मी ते खरं मानलं. मग मी आमच्या साहेबांच्या घरी आले. साहेब एका मोठ्या कार्यालयात नियोजन विभागाचे प्रमुख आहेत. त्यांच्या आई अंघोळ करताना घसरल्या होत्या आणि नळ धरला म्हणून वाचल्या होत्या. त्याच संध्याकाळी साहेबांनी मला आणलं, आणि आईंना धरायला स्टीलची एक दांडी.

"प्लंबरला सांगितलं असतंत तर एव्हाना बसलीसुद्धा असती," वहिनी म्हणाल्या.

"माझ्या आईची दांडी मीच बसवणार!"

मला अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मनात आलं, भिंतीवरची फरशी तडकली तर? म्हणजे फरशा बदलायला हव्यात. फरशा उखडायच्याच, तर आतले पाइपही जुनेच आहेत. तिसऱ्या दिवसापर्यंत चार भोकांचं 'बाथरूमचं काम' झालं होतं. आणि बाथरूमचं काम काही कोणी उठून काढत नाही. साहेबांनी त्याचा तक्ता केला, तीन रंगांत. मी कपाटावर गेले. पाहुणे आले की मला खाली काढत, "ही उलटीसुद्धा फिरते बरं का," असं कौतुक करत आणि पुन्हा वर ठेवत.

इकडे आई अंघोळ करताना मोठ्यांदा गाऊ लागल्या. गाण्याची हौस नव्हती, गळा तर नव्हताच. गाणं चालू आहे म्हणजे माणूस उभं आहे, असं सासू-सुनेचं ठरलं होतं. दाराला कडी लावायची नाही, हेही ठरलं होतं. दांडी तेवढी ठरायची होती.

सहाव्या वर्षी एका रविवारी सकाळी गाणं ओळीच्या मधेच थांबलं. मग धप्प असा आवाज झाला. मित्रांनो, दुसऱ्याला हादरवणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी मीच हादरले. वहिनी धावल्या. आई जमिनीवर बसलेल्या, हातात उपटून आलेला नळ आणि भिंतीतून कारंजं!

"मला काही झालं नाही," आई म्हणाल्या. "नळ गेला बिचारा." मनगट मात्र सुजायला लागलं होतं.

प्लंबर नवा नळ बसवून गेला तरी साहेब पांढरेफटकच होते. "आई, उद्याच्या उद्या बाथरूमचं काम काढतो!"

"नको रे बाबा! तेवढं आयुष्य नाही माझ्याकडे. तू काम काढूच नकोस. पेन्सिल घे, चार फुल्या मार आणि चहा प्यायला ये."

फुल्या मारायला रजा लागत नाही. साहेबांनी मारल्या. मग तिथेच घुटमळले.

"अहो, चहा गार होतोय," वहिनींनी हाक मारली.

"आलोच. एवढं एकच भोक पाडून बघतो."

मला खाली काढलं. मी घरघरले. फरशी तडकली नाही! साहेब माझ्याकडे बघत राहिले, मी फरशीकडे. मग दुसरं, तिसरं, चौथं. दांडी बसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उपड्या बादलीवर मटकन बसले.

"काय झालं?" वहिनी घाबरल्या.

"बावीस मिनिटं," साहेब म्हणाले. "सगळं धरून."

चहा अजून कोमट होता.

म्हणून सांगते मित्रांनो, कामाला मोठं नाव ठेवू नका. नाव मोठं झालं की माणूस दबतो. आधी एक फुली मारा. आणि आमच्यासारख्यांना अधूनमधून खाली काढत जा, आम्हाला गंज चढतो.

दांडी भक्कम आहे. आई तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. धरतात अजून नळच.