कॉम्प्युटर हलका केला तेव्हा

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून सुनेत्राबाईंची वाचा गेली होती. लोणावळ्याच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई, पण आता काय सांगायचं ते डाव्या हातानं कॉम्प्युटरवर टाइप करायची. कॉम्प्युटर जुना, मेमरी जेमतेम दोन जीबी. लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकूनही तो रखडायचाच. त्यांचे पती दीनानाथ आत जाऊन कुकर लावून यायचे, तरी पडद्यावरचं वाक्य अर्धंच असायचं.

बेंगळुरूला असलेली लेक इंद्रायणी रोज संध्याकाळी आईशी मेसेजवर बोलायची. "बाबा, मी नवा लॅपटॉप पाठवते," असं तिनं कितीदा म्हटलं. सुनेत्राबाई दर वेळी मानेनंच नको म्हणत. हाताला सवयीचा कीबोर्ड आहे, म्हणून नको असेल, अशी दीनानाथांनी समजूत करून घेतली होती.

शेवटी त्यांनीच मनावर घेतलं. आंबीच्या कारखान्यात मशीनच्या देखभालीत त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. बिघाड कुठे आहे ते सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. मेमरी किती वापरली जातेय ते त्यांनी पाहिलं, तर ती काठोकाठ भरलेली. जागा पुरेना म्हणून कॉम्प्युटर अर्धं सामान हार्ड डिस्कवर टाकत होता आणि दर थोड्या वेळानं ते आणायला हेलपाटे घालत होता.

दोन दिवस ते त्यातच होते. जड डेस्कटॉप काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवला. सुरू होतानाच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. झेडरॅम चालू केलं. त्यामुळे बाजूला ठेवायचं सामान डिस्कवर न जाता मेमरीतच दाबून बसू लागलं. ब्राउझर फक्त इंद्रायणीशी बोलण्यापुरता, एरवी लिहायला साधा एडिटर. पुन्हा पाहिलं तर निम्मी मेमरी मोकळी.

"ये, बस," ते कौतुकानं म्हणाले. "आता बोट टेकवलंस की अक्षर हजर."

सुनेत्राबाई खुर्चीत बसल्या. बाहेर तुंगार्लीच्या तळ्यावर धुकं उतरलं होतं, खोलीत दिवा लावावा लागला. त्यांनी 'आज' लिहिलं. अक्षरं लगेच उमटली. दीनानाथ हसले.

मग बोट कीबोर्डवर अधांतरी थांबलं. 'ध' उमटला, पुसला. 'दु' आला, तोही पुसला. खिडकीकडे पाहून त्या पुन्हा कीबोर्डकडे वळल्या, जणू त्या बटणांची कुणी अदलाबदल करून ठेवली होती.

दीनानाथांनी सवयीनं मेमरीचा आकडा पाहिला. काहीच अडकलं नव्हतं. कॉम्प्युटर निवांत वाट पाहत होता.

"धुकं म्हणायचंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

सुनेत्राबाईंनी होकारार्थी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. ज्या बाईनं पोरांकडून एकेका शब्दाचे चार-चार समानार्थी शब्द पाठ करून घेतले, तिला 'धुकं' सापडत नव्हतं. हे आजचं नव्हतं. कॉम्प्युटर रखडत होता तोवर ते कुणाला दिसत नव्हतं, आणि नवा लॅपटॉप का नको होता तेही आता दीनानाथांना उमगलं. इतके दिवस बाई त्या रखडण्याच्या आड बसली होती, आणि तो आडोसा त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून घेतला होता.

"मला सांगायचंस ना," ते म्हणाले.

सुनेत्राबाईंनी डोळे उघडले. मग पडद्यावर एकेक शब्द आला. 'भीती. वाटली.'

त्यांनी तिचा उजवा, निर्जीव हात आपल्या हातात घेतला.

संध्याकाळी इंद्रायणीचा फोन आला, दीनानाथांनी स्पीकर लावला. "बाबा, झाला का कॉम्प्युटर नीट?"

"कॉम्प्युटर झाला," दीनानाथ म्हणाले आणि थांबले. त्यांनी सुनेत्राबाईंकडे पाहिलं. तिनं मानेनं नको म्हटलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता. सुनेत्राबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं, 'सांगा.'

त्यांनी सगळं सांगितलं. "डॉक्टरांना कधी दाखवताय?" इंद्रायणीनं विचारलं.

"उद्याच जातो."

"मी शनिवारी येते. आईला सांगा."

"ऐकतेय ती," दीनानाथ म्हणाले.

फोन ठेवल्यावर सुनेत्राबाई पुन्हा टाइप करू लागल्या. पहिलं अक्षर आलं, दुसरं येईना. दीनानाथांच्या ओठांवर शब्द आला होता, पण तो त्यांनी गिळला आणि शेजारी खुर्ची ओढून बसून राहिले.