ओबुंगाच्या मरणाचं अर्धं गाणं

मी, ओबुंगा, तीन मिनिटांत मेलो, तेही हसत हसत.

त्या वर्षी एक गोरा साहेब मोटारीत यंत्र घालून आमच्या अलेगोत आला. गावोगावची गाणी तो तबकडीवर उतरवून घेई. त्याला मर्तिकाचं गाणं हवं होतं. पण आमचं गाव तेव्हा इतकं ठणठणीत, की गिधाडांनीसुद्धा बिऱ्हाड हलवलेलं.

मयताला गाणारा आमचा ओसेवे आपली आठ तारांची न्याटिटी घेऊन अडून बसला. "मेलेल्याचं नाव सांगा. त्याशिवाय मी तार छेडत नाही."

"माझं घाल की!" मी म्हणालो.

"जीभ आवरा!" माझी बायको अकेलो ओरडली.

ओसेवेची रीत अशी, की आधी मेलेल्याची लक्तरं काढून रडणाऱ्यांना हसवायचं, आणि मग त्याचा चांगुलपणा असा गायचा, की दुश्मनानंही छाती बडवावी. त्यानं सुरुवात केली. तरस दिसताच ओबुंगा झाडावर, बायको खाली. एका आठवड्यात ओबुंगा अकरा मयतांना गेला, मयताच्या जेवणातल्या मांसासाठी दर ठिकाणी 'माझा मामा गेला' म्हणून रडला. लोक हसून लोळत होते. मीही लोळलो. इतक्यात साहेबानं हात वर केला. तबकडी भरली होती, आणि ओसेवे तिथंच थांबला.

ती किसुमूच्या दुकानात वाजली, आगगाडीनं मोंबासाला गेली. आमच्या तळ्यातल्या मासळीलाही पाठ झाली. मी होडीत बसलो की चहूकडून बुडबुडे. लेकीच्या सासरी जेवायला बसलो, तर व्याही म्हणाला, "हा कितवा मामा?"

मी ओसेवेच्या मागे लागलो. "राहिलेलं गा रे, चार लोकांपुढे."

"जिवंत माणसाचं गायलो, तोच अपशकुन झाला. तू मर आधी, मग गातो."

अशी वीस वर्षं गेली. मग अंथरूण धरलं ते ओसेवेनंच. मी भाजलेला मासा घेऊन गेलो.

"लेका, तूच निघालास. निदान मला एकट्याला सांग, पुढे माझ्या चांगुलपणाचं काय होतं?"

त्यानं माशाचं ताट पुढ्यात ओढलं. "खरं सांगू? साहेबानं हात वर केला, तेव्हा सुटलो मी. गाता गाता पुढचं शोधत होतो. सापडत नव्हतं."

"आणि ही वीस वर्षं?"

"शोधतच होतो की."

"मग?"

त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं. "काटे काढून दे," म्हणाला.

मी काढून दिले.